समुद्र गोड करणारं यंत्र आणि घरातला समुद्र

समुद्राचं पाणी गोडं करायचं म्हणून जे तंत्र जन्माला आलं, तेच आज लोक घरात समुद्र तयार करायला वापरतात. घरी प्रवाळाची टाकी (म्हणजे रीफ टँक) ठेवणारा माणूस आधी नळाच्या पाण्यातलं असेल नसेल ते सगळं काढून टाकतो आणि मग त्यात मोजून मीठ घालतो. येडपटपणा वाटतो ना? पण त्यामागे साधं गणित आहे, आणि कुठलं यंत्र घ्यायचं ह्याचं उत्तर त्या यंत्राच्या इतिहासात आहे.

आधी गणित. समजा २०० लिटरची टाकी आहे आणि रोज ४ लिटर पाण्याची वाफ होते. वाफ होते ती फक्त पाण्याची, क्षार मागेच राहतात. ती भर नळाच्या पाण्याने घातली तर ५० दिवसांत अख्ख्या टाकीएवढं नळाचं पाणी आत जातं आणि त्यातलं तांबं, फॉस्फेट, सिलिकेट आतच राहतं. तांबं प्रवाळ आणि कोळंबीला विषच. फॉस्फेट आणि सिलिकेटवर शेवाळ पोसतं. म्हणून सुरुवात शून्यापासून.

आता इतिहास. १७४८ साली नोले नावाच्या फ्रेंच धर्मगुरू-शास्त्रज्ञाने मद्यार्काने भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराचं मूत्राशय ताणून बांधलं आणि ते पाण्यात बुडवलं. पाणी आपोआप आत शिरलं आणि पडदा टम्म फुगला. हे ऑस्मोसिस. मग उलट्या बाजूने दाब देऊन खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी का काढू नये? १९५० च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात रीड आणि ब्रेटन ह्यांनी दाखवलं की सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पडदा मीठ अडवतो. पण पाणी इतकं हळू झिरपायचं की उपयोग शून्य! तो प्रश्न १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडनी लोब आणि आपले श्रीनिवास सौरिराजन ह्यांनी सोडवला. वर अतिशय पातळ थर आणि खाली सच्छिद्र आधार असा पडदा त्यांनी बनवला. १९६५ मधे कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा गावाला ह्या तंत्राने पिण्याचं पाणी मिळू लागलं.

पण सेल्युलोज जिवाणू खातात, त्यामुळे ह्या पडद्याला पाण्यात थोडं क्लोरीन लागतंच. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जॉन कॅडॉट ह्यांनी पॉलिअमाइडचा पडदा आणला. तो क्षार जास्त अडवतो, पाणीही जास्त देतो, पण क्लोरीनने खराब होतो. म्हणून आजच्या यंत्रात पडद्याच्या आधी कार्बनचा फिल्टर असतोच. तो चैनीचा भाग नाही, पडद्याचा अंगरक्षक आहे.

शेवटच्या डब्यातल्या रेझिनची गोष्ट वेगळीच. १८५० मधे इंग्लंडमधे थॉम्पसन आणि वे हे दोघे खतांचा अभ्यास करत होते. अमोनियम सल्फेटचं पाणी मातीतून गाळलं तर अमोनिया मातीतच राहतो आणि खाली कॅल्शियम उतरतं, असं त्यांना दिसलं. १९३५ मधे अ‍ॅडम्स आणि होम्स ह्यांनी तेच काम करणारी कृत्रिम रेझिन्स बनवली. पडद्यातून निसटलेले क्षार ही रेझिन्स पकडतात.

मग पिण्याच्या पाण्याचा प्युरिफायर का नाही चालणार? कारण पिण्याच्या पाण्यात थोडे क्षार राहिलेले चालतात. समजा नळाला ३०० पीपीएम टीडीएस आहे. ९८ टक्के क्षार अडवणारा पडदा ६ पीपीएम पुढे सोडतो, ९० टक्केवाला ३० पीपीएम. म्हणजे दुसऱ्यात रेझिन पाचपट लवकर संपणार. यंत्र स्वस्त पडलं तरी रेझिन महागात पडतं.

आता खरी गोम. १९७४ मधे योहानेस रूक ह्या डच शास्त्रज्ञाने दाखवलं की क्लोरीन टाकलेल्या पाण्यात क्लोरोफॉर्मसारखे पदार्थ तयार होतात. १९७९ मधे अमेरिकेने त्यांच्यावर मर्यादा घातली आणि अनेक शहरं हळूहळू क्लोरीनऐवजी क्लोरामाइनकडे वळली. सॅन फ्रान्सिस्कोने हा बदल २००४ मधे केला. क्लोरामाइन साध्या कार्बनला सहज दाद देत नाही, आणि फुटलं की मागे अमोनिया राहतो. तेव्हा अशा शहरात राहत असाल तर कॅटॅलिटिक कार्बन किंवा कार्बनचे दोन डबे, आणि शेवटी रेझिन, ह्याला पर्याय नाही. टीडीएस मीटरला क्लोरामाइन दिसत नाही. मीटर शून्य दाखवत असतानाही प्रवाळ मरू शकतात. क्लोरीनची वेगळी टेस्ट किट घ्याच.

थोडक्यात, ब्रँड शेवटी बघा. आधी पाणीखात्याचा वार्षिक अहवाल वाचा: क्लोरीन की क्लोरामाइन, आणि टीडीएस किती? मग नळाचा दाब मोजा. ५० पीएसआयपेक्षा बराच कमी असेल तर बूस्टर पंप लागेल.

एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन-चार लिटर वाया जातं. ते कपडे धुवायला, फरशी पुसायला चालतं, तेव्हा पिंप आधीच ठेवा. आणि हो, भारतातल्या मंडळींनो, आपल्याकडे २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे. तेव्हा इथे मासे पाळा, प्रवाळ समुद्रातच बघा.