शिदोरी आणि वाटेवरचे पाणी

'पाथेय' हा संस्कृत शब्द 'पथिन्' म्हणजे वाट या शब्दापासून आला. वाटेवर उपयोगी पडते ते पाथेय. मराठीने हा शब्द ग्रंथांपुरता ठेवला आणि रोजच्या व्यवहारात 'शिदोरी' म्हटले. सासरी निघालेल्या मुलीबरोबर शिदोरी दिली जाते, आणि आयुष्यभराच्या सत्कर्मांना आपण पुण्याची शिदोरी म्हणतो. शब्दाचा अर्थ असा लाक्षणिक होत गेला, की त्यातले अन्न मात्र आपल्या नजरेआड झाले.

आज हिंजवडीच्या रस्त्यावर हे अन्न पुन्हा आठवण्यासारखे आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस हिंजवडी, माण, मारुंजी या गावांच्या शेतजमिनींवर औद्योगिक विकास महामंडळाचे माहिती तंत्रज्ञान संकुल उभे राहू लागले. वाकडच्या पुलापासून कचेरीपर्यंतच्या कोंडीत अडकलेला माणूस बिस्किटाचा पुडा फोडतो किंवा वेफर्सची पिशवी उघडतो. प्रवासात हितकर असे काय खावे, हा प्रश्न त्याला रोज पडतो. त्याचे तयार उत्तर म्हणून हल्ली 'आजीची शिदोरी' पुढे केली जाते. ते उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे.

जुनी शिदोरी पाहिली तर तिची रचना विचारपूर्वक केलेली दिसते. दशम्या, धपाटे, भाजलेले फुटाणे, चुरमुरे, लाह्या, सातूचे पीठ, मेतकूट, जवसाची किंवा कारळ्याची कोरडी चटणी, गुळाचा खडा. यांतल्या बहुतेक जिनसांत पाण्याचा अंश कमी, म्हणून त्या लवकर विटत नाहीत. भाजलेल्या डाळी-धान्यांनी पोटाला आधार मिळतो आणि गुळाने तरतरी येते. अर्थात हे सगळेच पुरातन आहे असे मानण्याचे कारण नाही. भुईमूग आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातून आलेली पिके. तेव्हा गूळ-शेंगदाणे हा 'पारंपरिक' खाऊ ज्ञानेश्वरांच्या काळी कोणाच्याही पदरी बांधलेला असणे शक्य नाही.

दशमीचा इतिहास आणखी बोलका आहे. तिचे पीठ पाण्याऐवजी दुधात मळतात. त्यामुळे ती मऊ राहते हे खरेच. पण सोवळ्याच्या हिशेबात दुधात मळलेले अन्न पाण्यात मळलेल्या अन्नाहून निराळे समजले जाई, आणि म्हणून ते प्रवासात चाले. परक्या हातचे खायचे नाही, म्हणून घरचे न्यायचे. म्हणजे शिदोरीच्या गाठीत आरोग्याचे शहाणपण होते तसा विटाळाचा धाकही होता. पुढे रेल्वे आली, तरी हिंदुस्थानातल्या स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळे राहिले.

कोरड्या शिदोरीला एक गोष्ट गृहीत धरावी लागते, ती म्हणजे वाटेवर पाणी मिळेल. हे गृहीतक सर्वांसाठी खरे नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मपर लेखनात १९०१ सालचा एक प्रवास सांगितला आहे. साताऱ्याहून भावंडे आणि भाचे वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाली. मसूर स्थानकावर उतरल्यावर त्यांची जात कळताच गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यात, मुलांनीच गाडी हाकायची या अटीवर, बैलगाडी मिळाली. बरोबर भरपूर खाणे होते. वाटेत नदीपात्रात मिळाले ते गढूळ, शेणामुताचे पाणी. ते तोंडाला लावणे अशक्य होते. रात्री नाक्यावरही पाणी मिळाले नाही. भरलेला डबा उशाशी असून मुले उपाशी झोपली. त्या डब्यातील पदार्थ कितीही पौष्टिक असते, तरी काय उपयोग होता?

प्रवासातल्या अन्नाचा इतिहास लिहिताना म्हणूनच पाककृतींबरोबर १९२३ सालचा सीताराम केशव बोले यांचा ठरावही वाचावा लागतो. सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो मुंबई विधिमंडळातला ठराव होता. आणि तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले, हेही वाचावे लागते.

याच महाराष्ट्रात दुसरी परंपराही आहे. हिंजवडीपासून फार दूर नसलेल्या देहूहून निघणाऱ्या पालखीत वारकरी सगळे अन्न पाठीवर वाहून नेत नाही. वाटेवरची गावे भाकरी-पिठले रांधतात, पाणी देतात. काल्यात तर अनेकांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या जातात. वारीतही भेद पूर्णपणे मिटले होते असे म्हणता येणार नाही. पण वाट ही सर्वांची जबाबदारी आहे, ही कल्पना तिथे जिवंत राहिली.

आजच्या प्रवाशाने पुड्याऐवजी फुटाणे, राजगिऱ्याचा लाडू, एखादे केळे बरोबर घ्यावे, हे उघडच बरे. पण निवडीचा सगळा भार त्याच्या पिशवीवर टाकणे योग्य नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील, तसेच ते वापरून केलेल्या पदार्थांतील ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा घातली. ती कोणाही एकट्या प्रवाशाला घालता आली नसती. तसेच स्वच्छ पाण्याचा नळ आणि दोन तास अडकवून न ठेवणारा रस्ता या गोष्टीही घरून बांधून नेता येत नाहीत. शिदोरीचा निम्मा भाग वाटेने द्यायचा असतो. तो कोणाला मिळाला आणि कोणाला नाकारला गेला, हे पाहिल्याशिवाय आपल्या खाद्यपरंपरेचा गौरव पुरा होत नाही.