सोपाऱ्याच्या करंडकाची कुळकथा

नालासोपारा हे नाव रेल्वेने घडवले. नाळे आणि सोपारे या दोन गावांची नावे जोडून स्थानक झाले आणि पुढे सगळी वस्तीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. स्थानकाच्या पश्चिमेला जुन्या सोपाऱ्यात विटांचे एक टेकाड आहे. गावकरी त्याला पिढ्यान्‌पिढ्या ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत आले. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे विणणारा. असा कुणी राजा इथे होता आणि हा त्याचा कोट, एवढे गावाच्या स्मरणात उरले होते. बौद्ध स्तूप म्हणून या जागेची ओळख पार पुसली गेली होती.

टेकाडाचे हे नाव 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींच्या कानावर पडले. सोपाऱ्याचे जुन्या ग्रंथांतले ‘शूर्पारक’ हे नाव त्यांना ठाऊक होते. महाभारतात ते येते, बौद्ध कथांतला पूर्ण हा व्यापारी तिथलाच, आणि नाशिकच्या लेण्यात उषवदाताने दानाच्या गावांत त्याचे नाव कोरले आहे. ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’मध्येही हे बंदर ‘सुप्पारा’ म्हणून भेटते. पंडितजींनी टेकाडाचा घाट पाहिला, विटा पाहिल्या. हा कोट नसून स्तूप असावा, असे त्यांना वाटले. एप्रिल महिन्यात मुंबई गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांच्या सोबतीने खोदकाम झाले.

स्तूपाच्या मधोमध विटांची कोठडी लागली. कोठडीत दगडाची मोठी गोल पेटी होती आणि पेटीत तांब्याचा करंडक. त्याच्याभोवती आठ छोट्या धातूमूर्ती मांडलेल्या होत्या: सात बुद्धांच्या आणि आठवी येणाऱ्या मैत्रेयाची. तांब्याच्या करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोबत सोन्याची फुले होती आणि सातवाहन राजा यज्ञ सातकर्णीचे चांदीचे एक नाणे.

सोन्याच्या करंडकात मात्र मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे होते.

पाच आवरणांखाली जपलेली ही खापरे बुद्धाच्या भिक्षापात्राची मानली गेली असावीत, असा अर्थ पंडितजींनी लावला. करंडकाचे कुळ सांगणारे दोन धागे त्याच कोठडीत होते. नाणे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाकडे बोट दाखवते. मूर्तींची घडण मात्र आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराची. म्हणजे पहिल्या स्थापनेनंतर काही शतकांनी कुणीतरी ही कोठडी उघडली, मूर्ती भक्तिभावाने मांडल्या आणि ती पुन्हा मिटली. सोपाऱ्यातला बौद्ध धर्म एवढा दीर्घकाळ जिवंत होता, हे या दोन वस्तू शेजारी ठेवल्यावरच उमगते.

त्याच वर्षी सोपाऱ्यातून अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडाही उजेडात आला. पूर्वीचे राजे मृगयेसाठी, मौजेसाठी फिरत. अभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर आपण संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या, असे त्या शासनात अशोक सांगतो. भगवानलालांना ही लिपी परकी नव्हती. त्यांचा जन्म 1839 मध्ये जुनागढला झाला. गिरनारच्या पायथ्याची अशोकाची शिळा हीच त्यांची पहिली पाटी. तिथली अक्षरे ते पोरवयातच स्वतःच्या हिकमतीने वाचायला शिकले. 1861 मध्ये डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना मुंबईला आणले आणि पुढची अनेक वर्षे लेणी, शिलालेख, नाणी यांच्या शोधात त्यांना देशभर आणि नेपाळपर्यंत फिरवले.

पंडितजींचे हे शोधकाम विद्यापीठाबाहेर चालले. मुंबई विद्यापीठ तेव्हा होते. 18 जुलै 1857 ही त्याची जन्मतारीख. पण लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभ्या राहिलेल्या या विद्यापीठाचे काम महाविद्यालयांना संलग्नता देणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे हेच होते. त्याचे स्वतःचे अध्यापन विभाग विसाव्या शतकात उघडले. पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली समाजशास्त्राचा विभाग 1919 मध्ये सुरू झाला. भगवानलालांच्या काळात पश्चिम भारताच्या इतिहासाचे संशोधन चालत होते ते भाऊ दाजींसारख्यांच्या घरी, एशियाटिक सोसायटीच्या दालनात आणि बैलगाडीच्या वाटांवर. पंडितजींकडे कुठल्याच महाविद्यालयाची पदवी नव्हती. ते गुजरातीत लिहीत. ब्यूलरसारखे विद्वान त्यांचे लेख इंग्रजीत आणत.

या माणसाला 1884 मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली ती हॉलंडमधल्या लेडन विद्यापीठाने. 1574 मध्ये लेडन शहराने स्पॅनिश वेढ्याला दाद दिली नाही. पुढच्याच वर्षी तिथे हे विद्यापीठ स्थापन झाले. 1865 पासून तिथे संस्कृतचे अध्यासन होते आणि त्यावर हेंड्रिक कर्न बसले होते. कर्न त्याआधी काशीत शिकवून आलेले. अशोकाच्या लेखांवर त्यांनी 1873 मध्येच ग्रंथ लिहिला होता. सोपाऱ्याच्या खापरांचे आणि शिळेवरच्या अर्धवट ओळींचे मोल काय, हे कळणारी माणसे त्या विद्यापीठात होती. लेडनची ही परंपरा पुढेही वाढली. भारतात पुरातत्त्व खात्यात उमेदीची वर्षे घालवलेले फोगेल तिथे प्राध्यापक झाले आणि 1924 मध्ये त्यांच्या पुढाकाराने कर्न यांच्या नावाची संस्था उभी राहिली.

सोपाऱ्याची जमीन त्यानंतरही बोलत राहिली. 1956 मध्ये शेजारच्या भुईगावात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथपाल एन. ए. गोरे यांना अशोकाच्या नवव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. आजारपण, लग्न, बाळाचा जन्म, प्रवास अशा प्रसंगी लोक करतात ती निरर्थक कर्मकांडे नकोत. दास आणि सेवकांशी नीट वागणे, गुरूंचा मान राखणे हेच खरे मंगल, असे ते शासन सांगते. आज स्तूप पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. बुद्धपौर्णिमेला वसई-विरारमधली आणि मुंबईतली माणसे लेकराबाळांसह तिथे वंदनेला येतात. ‘बुरूड राजाचा कोट’ आता बुद्धाचा स्तूप म्हणून पुन्हा ओळखीचा झाला आहे.

डॉ. भगवानलाल इंद्रजी 16 मार्च 1888 रोजी मुंबईत वारले. आपली हस्तलिखिते एशियाटिक सोसायटीत भाऊ दाजींच्या हस्तलिखितांशेजारी ठेवावीत, अशी त्यांची इच्छा होती. फोर्टातल्या टाउन हॉलच्या त्याच वास्तूत, एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात, सोपाऱ्याचा करंडकही आहे.