न बनलेला चित्रपट आणि शीर्षकातले 'बाबा'

१/ 'बाबा ओ'रायली' या इंग्रजी रॉकगीताच्या शीर्षकातील 'बाबा' म्हणजे पुण्यात जन्मलेले मेहेरबाबा. गीताच्या शब्दांत मात्र हे नाव कोठेच नाही. मग ते शीर्षकात कसे आले? उत्तर एका कधीच न बनलेल्या चित्रपटात आहे.

२/ लंडनच्या 'द हू' या बँडचा रॉक ऑपेरा 'टॉमी' मे १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. बँडचे गिटारवादक व प्रमुख गीतकार पीट टाउनशेंड हे मेहेरबाबांचे अनुयायी होते. ३१ जानेवारी १९६९ रोजी बाबांनी देह ठेवला. त्यांची समाधी अहमदनगरजवळ (आताचे अहिल्यानगर) मेहेराबाद येथे आहे.

३/ त्यानंतर टाउनशेंड यांनी 'लाइफहाउस' हा दुसरा रॉक ऑपेरा योजला: अल्बम आणि चित्रपट एकत्र. कथा भविष्यातली. प्रदूषणामुळे माणसे विशेष पोशाखांत बंदिस्त. करमणूक एका जाळ्यातून पुरवलेली. अशा काळात एक मैफल भरते. प्रत्येक श्रोत्याच्या माहितीतून त्याचा स्वतःचा सूर घडतो आणि अखेर सारे सूर एका सुरात विलीन होतात.

४/ १९७१च्या आरंभी लंडनच्या यंग विक नाट्यगृहात प्रयोग सुरू झाले. श्रोत्यांच्या सहभागातून नवे काही घडावे, ही अपेक्षा होती; श्रोत्यांना हवी होती जुनी गाणी. सहकाऱ्यांनाही कथा उमगेना. न्यूयॉर्कमधील ध्वनिमुद्रणाच्या वेळी टाउनशेंड मानसिकदृष्ट्या कोसळले. चित्रपट बारगळला.

५/ ध्वनिमुद्रणतज्ज्ञ ग्लिन जॉन्स यांच्या साथीने कथा बाजूला ठेवून एकच तबकडी सिद्ध झाली: 'हूज नेक्स्ट', ऑगस्ट १९७१. तिच्या नऊ गीतांपैकी आठ 'लाइफहाउस'ची. ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला बँडचा हा एकमेव अल्बम.

६/ आता शीर्षकाकडे वळू. एखाद्या व्यक्तीच्या माहितीतून संगीत घडवायचे, तर मेहेरबाबांच्या माहितीतून कोणते घडेल? या कल्पनेला अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांच्या आवर्तनशैलीची जोड मिळाली आणि दोन्ही नावे एकत्र आली. आरंभीची ती प्रसिद्ध आवर्तने सिंथेसायझरची वाटतात. प्रत्यक्षात ती लॉरी ऑर्गनवर वाजवलेली आहेत.

७/ गीतात सॅली नावाच्या स्त्रीला साद आहे. ती कोण, हे अल्बम सांगत नाही. मूळ कथेत ती लंडनकडे निघालेल्या स्कॉटिश शेतकऱ्याची पत्नी.

८/ इतिहास बहुधा पूर्ण झालेल्या कृतींचा लिहिला जातो. परंतु येथे यशस्वी कृतीचा अर्थ फसलेल्या योजनेपाशी गेल्याखेरीज लागत नाही. म्हणून अभ्यासकाने सोडून दिलेले आराखडेही जपून वाचावेत.