गरम पाण्याची कुंडे : सहकुटुंब निघण्यापूर्वी पाण्याची ऊब जाणून घ्या

थंडीची चाहूल लागली, की पुण्यातील घराघरांत शनिवार-रविवारच्या सहलीचे बेत शिजू लागतात. लोणावळा, महाबळेश्वर आणि अलिबाग पाहून झालेल्या कुटुंबांपुढे एक निराळा पर्याय आहे, तो कोकणातील गरम पाण्याच्या कुंडांचा. आजी-आजोबांच्या दुखऱ्या गुडघ्यांना शेक, मुलांना पाण्यात बसण्याचा आनंद आणि जोडीला देवदर्शन किंवा गडदर्शन, असा तिहेरी योग या सहलीत जुळून येतो.

मात्र 'गरम पाण्याचे कुंड' हे एकच नाव लागले, तरी सगळी कुंडे सारखी नाहीत. महाडजवळच्या सव येथील पाणी अंगाला सोसेल इतके ऊन असते, तर दापोली तालुक्यातील उन्हवरे येथील झऱ्याचे पाणी सत्तर अंश सेल्सिअसच्या घरात जाते. एकात लहान मूल सुखाने बसू शकते, दुसऱ्याच्या उगमात हात घातला तर क्षणात भाजतो. म्हणून कुटुंबासाठी ठिकाण निवडताना त्याच्या प्रसिद्धीपेक्षा तेथील पाणी किती गरम आहे, ते स्नानासाठी निववले जाते का आणि कुंडाची व्यवस्था कशी आहे, हे आधी पाहणे अगत्याचे ठरते.

पाणी तापते कसे?

गरम झरे म्हणजे ज्वालामुखी, अशी अनेकांची समजूत असते. महाराष्ट्राचा बराचसा भूभाग ज्वालामुखीतून बाहेर पडलेल्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे हे खरे. पण हे उद्रेक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. तो लाव्हा केव्हाच थंड झाला. आजच्या झऱ्यांना ऊब मिळते ती पृथ्वीच्या पोटातील नैसर्गिक उष्णतेतून. पावसाचे पाणी खडकांतील भेगांमधून खोलवर मुरते. जसजसे खाली जावे तसतसे भूगर्भाचे तापमान दर किलोमीटरला साधारण पंचवीस ते तीस अंशांनी वाढत जाते. खोलवर तापलेले हे पाणी एखाद्या मोठ्या भेगेतून वर येण्याची वाट शोधते आणि झऱ्याच्या रूपाने प्रकटते. वर येताना ते किती वेगाने येते आणि वाटेत त्यात थंड भूजल किती मिसळते, यावर त्याचे तापमान ठरते. शेजारशेजारच्या दोन कुंडांतील पाणी कमी-अधिक गरम का असते, याचे उत्तर यातच दडले आहे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या नोंदीनुसार उत्तर कोकणातील कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरपर्यंतच्या सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात १८ ठिकाणी मिळून ६० च्या आसपास गरम झरे आहेत. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत, जवळजवळ एका रेषेत ते आढळतात. त्यामुळे पुणेकरांना या झऱ्यांसाठी घाट उतरावाच लागतो.

या झऱ्यांच्या पाण्यात 'गंधक भरपूर' असते, हीदेखील अशीच एक रूढ समजूत. काही ठिकाणी किंचित वास येत असला, तरी कोकणातील झऱ्यांच्या पाण्यात प्रामुख्याने सोडियम व कॅल्शियमचे क्लोराइड क्षार आढळतात. ऊन पाण्याने स्नायू सैलावतात, सांध्यांना तात्पुरता आराम मिळतो. पण त्वचारोग वा संधिवात येथे कायमचा बरा होईल, या भरवशावर चालू औषधे थांबवणे योग्य नाही.

गावांची नावे मात्र या पाण्याची साक्ष देतात. 'उष्ण' या संस्कृत शब्दाचे मराठीत 'ऊन' झाले. त्यातूनच उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे ही नावे आली. खानदेशातील चोपडा तालुक्यातले उनपदेव आणि नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातले उनकेश्वर ही नावेही याच कुळातील. नकाशावर असे नाव दिसले, की तेथे ऊन पाणी असण्याचा संभव मोठा.

उन्हेरे : जवळचे आणि सोयीचे

रायगड जिल्ह्यातील पाली हे अष्टविनायकांपैकी बल्लाळेश्वराचे स्थान. पालीपासून अवघ्या तीन किलोमीटरच्या अंतरावर उन्हेरे येथील कुंडे आहेत. पुण्याहून द्रुतगती मार्गाने खोपोली आणि तेथून पाली, असा सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास आहे. येथील पाण्याचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास असते. त्यामुळे प्रथमच असा अनुभव घेणाऱ्या कुटुंबासाठी हे ठिकाण उत्तम. सकाळी कुंडावर स्नान, मग बल्लाळेश्वराचे दर्शन आणि सायंकाळपर्यंत परत, असा एका दिवसाचा बेत आखता येतो. मुले मोठी असतील, तर पालीच्या पाठीशी उभा असलेला सरसगडही पाहण्यासारखा आहे. संकष्टी, अंगारकी आणि माघी गणेश जयंतीला पालीत प्रचंड गर्दी असते. लहान मुलांना घेऊन कुंडावर जायचे तर हे दिवस टाळलेले बरे.

सव : सावित्रीच्या काठी

पुण्याहून ताम्हिणी घाटाने माणगावमार्गे किंवा भोरहून वरंधा घाटाने महाडला जाता येते. वरंधा घाट पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा वाहतुकीस बंद ठेवला जातो. त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी करावी. महाडजवळच सावित्री नदीच्या परिसरात सव हे गाव आहे. येथील पाणीही चाळिशीच्या आसपास, म्हणजे सोसवेल इतके ऊन. येथे दिमाखदार सोयींची अपेक्षा ठेवू नये; परंतु महाडचा परिसर मुलांना दाखवण्यासारखा आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ज्या चवदार तळ्यावर सत्याग्रह केला ते तळे, गांधारपाले येथील बौद्ध लेणी आणि रायगड किल्ला ही तिन्ही ठिकाणे येथून जवळ आहेत. पाणी कोणाचे, या प्रश्नाने इतिहास घडवला ते तळे पाहून मगच मुलांना कुंडावर नेले, तर सहलीला वेगळा अर्थ प्राप्त होईल.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी : सर्वांत प्रसिद्ध

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठाने ही तीन गावे वसली आहेत. पुण्याहून अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास असल्याने येथे मुक्कामाच्या तयारीने जाणे सोयीचे. वज्रेश्वरीच्या मंदिराचे पुण्याशी जुने नाते आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला आणि १७३९ मध्ये वसई जिंकल्यानंतर हे मंदिर उभारले गेले. किल्ल्याची आठवण करून देणारे त्याचे प्रवेशद्वार लक्ष वेधून घेते. गणेशपुरी हे स्वामी नित्यानंद यांचे समाधिस्थान. १९६१ मध्ये त्यांनी येथे देह ठेवला. तेथील भीमेश्वर मंदिरालगत गरम पाण्याची कुंडे आहेत.

या परिसरातील काही झऱ्यांचे तापमान पन्नास अंशांच्या आसपास असते. कुंडाकुंडांत फरक असल्याने शेजारचे कुंड सोसले म्हणून पुढचेही सोसेल, असे गृहीत धरू नये. अकलोलीत नदीलगतची कुंडे पावसाळ्यात पुराच्या पाण्याखाली जातात. पूर ओसरल्यावरही काही काळ गाळ आणि शेवाळ राहते. या भागात झऱ्याचे पाणी टाक्यात घेऊन खासगी स्नानाची सोय करणारी विश्रामस्थानेही आहेत. ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुले बरोबर असतील, तर हा पर्याय विचारात घ्यावा. मात्र टाके रोज रिकामे करून धुतले जाते का, हे विचारून घ्यावे. चैत्र अमावास्येच्या सुमारास वज्रेश्वरीची यात्रा भरते, त्या काळात येथे विलक्षण गर्दी उसळते.

रत्नागिरीचे झरे : काही स्नानाचे, काही पाहण्याचे

दोन-तीन दिवस हाताशी असतील, तर रत्नागिरी जिल्ह्याचा विचार करावा. दापोलीपासून सुमारे ३५ किलोमीटरवरील उन्हवरे हे राज्यातील सर्वांत उष्ण झऱ्यांपैकी एक. पाण्यातून वाफा निघताना पाहणे हा थंडीच्या पहाटेचा खास अनुभव. परंतु उगमाजवळ मुलांना मोकळे सोडणे धोक्याचे आहे. स्नान करायचे ते निववलेल्या पाण्याच्या टाक्यातच, आणि तेही हाताने अंदाज घेतल्यावर.

चिपळूणहून संगमेश्वरकडे जाताना मुंबई-गोवा महामार्गाच्या परिसरात आरवली, तुरळ आणि राजवाडी ही तीन ठिकाणे थोड्याथोड्या अंतरावर आहेत. आरवलीचे पाणी तुलनेने सौम्य, राजवाडीचे पन्नाशीच्या वर, तर तुरळचे साठ अंशांच्या आसपास. कुटुंबाने आरवलीला स्नान करावे आणि तुरळला निसर्गाचा चमत्कार दुरून पाहावा, हे उत्तम. पुढे कसबा संगमेश्वर येथील कर्णेश्वराचे प्राचीन शिल्पसमृद्ध मंदिर आवर्जून पाहावे.

दक्षिणेस राजापूरजवळ उन्हाळे येथे गरम पाण्याचा झरा आहे. त्याच परिसरात राजापूरची प्रसिद्ध गंगा प्रकटते. चौदा कुंडांतून वाहणारी ही गंगा साधारणपणे तीन वर्षांनी अवतरते अशी श्रद्धा असली, तरी तिचे येणे-जाणे तिच्याच मर्जीवर असते. ती आल्याची बातमी कळल्यावरच त्या दृष्टीने बेत आखावा.

किती ऊन सोसते?

प्रौढ माणसाला स्नानासाठी चाळीस अंश ही सुरक्षित वरची मर्यादा मानली जाते. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगानेही गरम पाण्याच्या टाक्यांसाठी हीच मर्यादा सुचवली आहे. लहान मुलांची त्वचा पातळ असते आणि शरीर लवकर तापते. त्यांच्यासाठी पाणी अंगाच्या उबेइतके, सदतीस-अडतीस अंशांचे असावे. पन्नास अंशांच्या पाण्यात काही मिनिटांत त्वचा भाजू शकते. साठ अंशांना त्यासाठी पाच-सहा सेकंद पुरतात आणि सत्तर अंशांना जेमतेम एक सेकंद. मुलांच्या बाबतीत हा अवधी आणखी कमी.

घरातील ताप मोजण्याचा तापमापक येथे कामाचा नाही, कारण तो बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपलीकडे दाखवत नाही. बाळाच्या आंघोळीचे पाणी मोजण्यासाठी मिळणारा स्वस्त तापमापक बरोबर न्यावा. तोही नसेल, तर आई बाळाच्या पाण्यात कोपर बुडवून पाहते, तीच रीत वापरावी. कोपराला चटका बसला, तर ते पाणी मुलासाठी नाही.

उच्च रक्तदाब, हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय कुंडात उतरू नये. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेल्यांनी विशेष जपावे. पाणी पोळते आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. एका वेळी दहा मिनिटांहून अधिक काळ पाण्यात बसू नये. उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून ज्येष्ठांना हात द्यावा.

आणखी एक काळजी महत्त्वाची. कोमट-गरम, साचलेल्या गोड्या पाण्यात नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा वाढू शकतो. पाणी नाकात गेल्यास तो मेंदूपर्यंत पोहोचतो आणि अतिशय दुर्मिळ, पण बहुतांशी प्राणघातक आजार होतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमिबाजन्य मेंदूज्वराचे रुग्ण आढळल्याने हा विषय चर्चेत आला. घाबरून सहल रद्द करण्याचे कारण नाही; मात्र मुलांना कुंडात बुडी मारू देऊ नये, सूर मारू देऊ नये, नाक पाण्याबाहेर राहील हे पाहावे. वाहते, पालटणारे पाणी साचलेल्या पाण्यापेक्षा केव्हाही चांगले.

कुंड म्हणजे जलतरण तलाव नव्हे

यातील बहुतेक कुंडे देवस्थानांशी निगडित आहेत आणि गावकऱ्यांच्या नित्य वापरात आहेत. जपानमध्ये गरम झऱ्यात उतरण्यापूर्वी बाहेर अंग स्वच्छ धुण्याचा दंडक आहे. साबण आत न्यायचा नाही, हा तेथील साधा नियम. आपल्याकडेही साबण, शाम्पू आणि तेल कुंडाबाहेरच राहिले, तर मागून येणाऱ्या कुटुंबाला स्वच्छ पाणी मिळेल. अनेक ठिकाणी स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र सोय असते, तिचा मान राखावा. प्लास्टिकच्या पिशव्या आणि जुने कपडे काठावर टाकू नयेत.

निघण्यापूर्वी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखद. एसटीने जाणाऱ्यांसाठी स्वारगेटहून महाड, दापोली आणि चिपळूणकडे गाड्या सुटतात. पुढे स्थानिक वाहन करावे लागते. शक्यतो आडवारी आणि सकाळी लवकर पोहोचावे, तेव्हा पाणी स्वच्छ आणि गर्दी कमी असते. सुती कपड्यांचा एक जादा जोड, पंचे, न घसरणाऱ्या चपला, पिण्याचे भरपूर पाणी आणि मुलांसाठी हलका खाऊ जवळ असावा. भरल्या पोटी कुंडात उतरू नये. उतरण्याआधी तेथील पुजारी किंवा गावकऱ्यांना एकच प्रश्न विचारावा : आज लहान मुलांना कोणत्या कुंडात बसवता येईल? पाण्याचा स्वभाव त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नसतो.