खर्जाचे कामगार

बेस गिटार वाजविणाऱ्यांच्या गप्पा हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काही श्रोत्यांनी मनातल्या मनात म्हटले असेल. व्यासपीठावरून ज्ञानेश्वरांवर बोलावे, शिवरायांवर बोलावे, फार तर केळीच्या आणि कापसाच्या भावावर बोलावे. परंतु गणपतीच्या मंडपात आणि लग्नाच्या वरातीत सर्वांच्या मागे उभे राहून चार जाड तारा छेडणाऱ्या माणसाच्या बोलण्यात इतिहास तो कोणता?

माझे उत्तर असे की, ज्या इतिहासाला कागद नाही तो बोलण्यातच राहतो. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यास निवर्तले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७ मध्ये तेथेच उभे राहिले. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून दप्तरे खाली काढली. परंतु ज्यांना वाडाच नव्हता त्यांचे दप्तर कोठे शोधावयाचे? विणकर, हमाल, वाजंत्री यांचे दप्तर म्हणजे त्यांची जीभ. माझी शाळा लवकर सुटली आणि पुढचे शिक्षण गिरणीच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर झाले. संघटनेच्या कामात बँडवाल्यांच्या दुकानांतही बसणे झाले. तेथे जे कानांवर पडले आणि पुढे जे वाचले, ते एकत्र करून आज आपणापुढे ठेवीत आहे.

१

प्रथम वाद्याची ओळख. बेस गिटारला बहुधा चार तारा असतात. साध्या गिटारच्या जाड बाजूच्या चार तारांचेच सूर, पण एक सप्तक खाली. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. आमच्याकडे सगळे 'बेस' म्हणतात. इंग्रजीत त्याच उच्चाराच्या दुसऱ्या एका शब्दाचा अर्थ पाया असा होतो. हा योगायोग मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. घर पाहावयास आलेला माणूस खिडक्या पाहतो, रंग पाहतो. पाया पाहत नाही. पाया खचला म्हणजे मात्र प्रथम त्याचीच आठवण होते.

हा पाया आपणास नवा नाही. तंबोऱ्याची चौथी तार खर्जाची. ती पितळेची असते, कारण पोलादाच्या बारीक तारेला तो भारदस्तपणा पेलत नाही. गोंधळ्याच्या संबळात एक भांडे चढ्या आवाजाचे आणि दुसरे घुमणारे. ढोलकीची शाई चटकन बोलते, पण लावणीत पाय उचलावयास लावते ती धुम. श्रोत्यांच्या तोंडी नाव राहते ते गाणाराचे. तंबोरा धरून मागे बसलेल्या शिष्याचे नाव कोणी विचारीत नाही.

या तंबोऱ्याच्या जन्मातही कारागिरांची कथा आहे. मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. तलवारीचे दिवस सरले तसे एकोणिसाव्या शतकात त्यांतील कारागीर सतार-तंबोऱ्याकडे वळले आणि त्यांच्या हातांनी मिरजेचे नाव देशभर नेले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. एक धंदा बुडाला, तेच कौशल्य दुसऱ्या धंद्यात जगले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

२

इंग्रजी पलटणींबरोबर पितळी वाद्यांचे बँड आले आणि त्यांच्या नमुन्यावर पुढे गावोगावी लग्नाचे बँड उभे राहिले. त्यांत खर्जाचे काम युफोनियमकडे आले. क्लॅरिनेटवाला नवऱ्यामुलापुढे उभा राहून नोटा घेतो. युफोनियमवाला गाल फुगवून मागच्या रांगेत चालतो. दुसरी वाट गोव्याहून आली. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकवीत. तेथे तयार झालेले वादक मुंबईस आले, धोबीतलावाच्या बाजूस आपापल्या गावांच्या कुडींत राहिले, हॉटेलांत वाजवू लागले आणि तेथून चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरले. त्या वेळी खर्जासाठी डबल बेस असे. ते वाद्य पुरुषभर उंचीचे. ते घेऊन रेल्वेच्या डब्यात चढणे म्हणजे अंगावर कपाट घेऊन चढणे.

हे कपाट उतरविले कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर या रेडिओदुरुस्ती करणाऱ्या गृहस्थाने. त्याच्याही आधी, १९३० च्या दशकात, सिअ‍ॅटल येथील पॉल टटमार्क याने विजेचा आडवा बेस केला होता. पण तो चालला नाही. फेंडरचा १९५१ चा 'प्रिसिजन बेस' चालला. डबल बेसला पडदे नसतात, सूर कानाने शोधावा लागतो; याला गिटारसारखे पडदे होते, म्हणून नावात 'अचूक' हा शब्द. गमतीची गोष्ट अशी की फेंडरला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. तो दुकानात येणाऱ्या वादकांच्या तक्रारी ऐके. वाद्य जड आहे, मोठ्या दिवाणखान्यात ऐकू जात नाही, नेताना मोडते. या रोजच्या कुरकुरीतून ते यंत्र निघाले. म्हणजे धंदेवाल्यांच्या गप्पांतून एक वाद्य जन्मले, असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात पुढे हे वाद्य स्थिरावले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवीत. गाण्याच्या तबकडीवर मात्र गायकाचे आणि संगीतकाराचे नाव असे. वाझ यांचे नसे.

३

आता खानदेशातील गप्पांकडे वळू. गणेशोत्सवातून ऑर्केस्ट्रा हिंडू लागले तसे जळगाव, धुळे, भुसावळ येथील पोरांनीही गिटारी घेतल्या. परदेशी वाद्य परवडणारे नव्हते. कोलकात्याची गिव्हसन मिळाली तरी पुष्कळ. तार तुटली की मुंबईस जाणाऱ्या कोणाला तरी धोबीतलावच्या फुर्ताडोकडून आणावयास सांगावयाचे, आणि तोवर उरलेल्या तिन्हींवर भागवावयाचे.

यामुळे पहिली गप्प नेहमी तारांची. तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. बारीक तार ४५, जाड तार १०५. आमच्या गिरणीकामगाराला हे ऐकून हसू येते. सुताचा नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. तारेचा नंबर जितका मोठा तितकी तार जाड! त्यामागे शास्त्र आहे. लांबी आणि ताण तोच ठेवून सूर एक सप्तक खाली आणावयाचा, तर तारेचे वजन चौपट करावे लागते. तेवढी जाड सळई वाकणार नाही. म्हणून आत एक तार आणि तीवर दुसरी गुंडाळलेली. गुंडाळी गोल तारेची असली तर आवाज खणखणीत. पट्टीसारख्या सपाट तारेची असली तर दबका, मऊ.

जुन्या तारेत घाम आणि मळ बसून तिचा आवाज बसतो. मग एक म्हणतो, "भो, तुनी तार मरी गई." दुसरा म्हणतो, "मरी नही रे, पिकी गई." तार मेली की पिकली, हा वाद रात्रभर चालतो. मेली म्हणणारा ती काढून पातेल्यात उकळतो. मळ निघून आवाज थोडा उजळतो आणि चार-दोन लग्ने निघतात. घरात मात्र त्या पातेल्यावरून भांडण होते.

दुसरी गप्प विजेची. मंडपातील अर्थिंग धड नसले की पेटीतून घूं असा आवाज सुरू होतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. आणि बेसच्या जाड तारेचा तिसरा पडदा दाबला की येणारा सूर सेकंदाला ४९ कंपनांचा. दोन्ही अगदी शेजारी! म्हणून जुना वादक सांगतो, "त्या पडद्यावर जपून, तेथे वीजही आपल्यासोबत वाजते." कोणत्या पुस्तकात हे वाक्य सापडेल?

तिसरी गप्प पेटीची. माणसाचा कान खालचे सूर मंद ऐकतो, म्हणून गायकाला पुरणारी शक्ती बेसला पुरत नाही. मोठा कर्णा, मोठी पेटी, मोठे मशीन लागते. ती पेटी उचलावयाची कोणी, टेम्पोत आधी चढवावयाची की शेवटी, भाड्यात तिचा हिस्सा किती, हे सारे बोलणे वरवर आवाजाचे. मुळात ते मजुरीचे असते.

४

या सर्व गप्पांच्या तळाशी एकच प्रश्न आहे: आवाज बोटात असतो की वाद्यात?

एक पक्ष म्हणतो, चांगले वाद्य दे, मग बघ. दुसरा म्हणतो, उस्तादाच्या हाती खोके दिले तरी ते गाईल. जगभर हे वाद्य वाजविणारे लोक हाच वाद घालतात. मला त्यात गिरणीतला जुना तंटा ऐकू येतो. कापड मागाने विणले की विणकराने? मागाने विणले असे ठरले तर मोल मागाच्या धन्याचे. विणकराने विणले असे ठरले तर मोल विणकराचे. आवाज वाद्यात आहे असे मानले की ज्याचे वाद्य त्याचा वाटा मोठा. आमच्या वरातींतून हीच वाटणी मी पाहिली आहे. ज्याची पेटी, ज्याचे मशीन, तो मालक. बोटे चालविणारा रोजंदार.

या बाबतीत अमेरिकेतील जेम्स जेमर्सन यांचे उदाहरण सांगण्यासारखे आहे. डेट्रॉईटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाजलेल्या गाण्यांत १९६० च्या दशकात बेस त्यांचा. वाद्य १९६२ चे, साधे फेंडर. तारा जाड, सपाट गुंडाळीच्या. तुटल्याशिवाय ते बदलीत नसत. उजव्या हाताचे एकच बोट वापरीत. म्हणजे आमच्या भाषेत पिकलेल्या तारेचा पक्ष! तसलेच वाद्य हजारोंजवळ होते. तो आवाज त्यांच्याजवळ नव्हता. तरीही त्या मंडळींची नावे तबकड्यांवर येत नसत. १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर वादकांची नावे छापली गेली आणि लोकांना कळले की, ज्या आवाजावर आपण इतकी वर्षे डुललो त्याला नाव आहे. जेमर्सन १९८३ मध्ये वारले. मानाच्या रॉक अँड रोल दालनात त्यांचे नाव गेले २००० मध्ये.

नाव नाही तेथे मोलाचाही प्रश्न येतो. अमेरिकेतील वादकांच्या संघटनेने जेम्स पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रण बंद केले. त्यांचे म्हणणे सरळ होते: तबकडी एकदा वाजवून घेता आणि तीच हजार ठिकाणी लावून आमच्या हजार भावांची नोकरी घालविता, तर तबकडीमागे काही रक्कम संघटनेच्या निधीत टाका. एका कंपनीने १९४३ मध्ये मान्य केले, दोन बड्या कंपन्यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये. त्या निधीतून बेकार वादकांना काम मिळाले. इकडे मुंबईतही सिने म्युझिशियन्स असोसिएशन उभी राहिली. गप्पांतून तक्रार, तक्रारीतून मागणी, मागणीतून संघटना. ही पायरी सर्व धंद्यांत सारखीच आहे.

५

आता सर्वांत कठीण भाग. चार माणसांचे काम एका यंत्राने करावे, हे या वाद्याच्या रक्तातच आहे. विजेचा बेस आला आणि डबल बेसवाला मागे पडला. पुढे बेसवाल्यावरही तीच पाळी आली. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी टीबी-३०३ नावाचे लहानसे यंत्र काढले. सरावास बेसवाला नसेल तर त्याच्या जागी हे वाजवावे, अशी कल्पना. ते खपले नाही. १९८४ मध्ये उत्पादन थांबले.

परंतु मुंबईत चरणजित सिंग नावाचे वादक होते. तेही चित्रपटांत बेस गिटार वाजविलेले. त्यांनी ते यंत्र आणले आणि १९८२ मध्ये त्यावर दहा राग बसवून एक तबकडी काढली. तेव्हा तिकडे कोणी फिरकले नाही. पुढे शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून नाचाच्या संगीताचा नवा प्रकार काढला, आणि २०१० मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली तेव्हा जगाने तोंडात बोट घातले. ज्या यंत्राने बेसवाल्याची भाकरी घ्यावयाची, त्याच यंत्राला एका बेसवाल्याने यमन आणि भैरव शिकविला होता! मिरजेच्या शिकलगारांची आठवण मी ध्यानात ठेवावयास सांगितली ती यासाठी. यंत्राशी वैर करून कारागीर जगत नाही. यंत्र ज्याच्या हाती, त्याचे कौशल्य जगते.

आज खानदेशातील वरातींच्या गाड्यांवर बेस गिटार क्वचित दिसते. कीबोर्डवाला डाव्या हाताने खर्ज वाजवितो. ऑक्टोपॅडवाला ढोल काढतो. त्याहीपुढे डीजे आला. तेथे खर्ज तेवढा उरला, माणूस गेला. गल्लीतील भिंती हादरतात आणि म्हातारी माणसे छाती धरून बसतात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर भोंगे बंद केले, ते योग्यच झाले. पण खर्ज म्हणजे धडधड नव्हे. चांगला बेसवाला कोठे वाजवावे यापेक्षा कोठे थांबावे हे अधिक जाणतो. ते भोंग्याला कळत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत लग्ने थांबली आणि हे सारे वादक एका रात्रीत बेकार झाले. त्यांच्याकडे ना हजेरीपट, ना पगारपत्रक. २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली, तेव्हा अनेकांना प्रथमच प्रश्न पडला: आपण कलावंत की कामगार? मी त्यांना सांगतो, दोन्ही. कलावंत म्हणून टाळी घ्या, कामगार म्हणून दाम घ्या. एकाने दुसऱ्याचे पोट मारू नये.

श्रोत्यांकडे माझी मागणी दोनच गोष्टींची. पुढच्या वरातीत वा मंडपात मागे उभ्या असलेल्या माणसाचे नाव विचारा. पत्रिकेत गायकाचे नाव छापता तेथे वादकांचीही छापा. आणि ज्यांच्या घरी असा म्हातारा वादक आहे त्यांनी त्याच्या गप्पा उतरवून ठेवाव्यात: कोणती तार, कोणती पेटी, किती बिदागी, कोणत्या गावचा मंडप. राजवाड्यांनी माळ्यावरची दप्तरे वाचविली. ही दप्तरे माणसांबरोबर जळतात, म्हणून येथे घाई अधिक आहे.