महावतार नरसिंह

हिरण्यकशिपू-प्रह्लाद आख्यानावरचा भारतीय त्रिमितीय ॲनिमेशनपट. दिग्दर्शक अश्विन कुमार; निर्मिती क्लीम प्रॉडक्शन्स, प्रस्तुती होंबाळे फिल्म्स; संगीत सॅम सी. एस. यांचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला आणि २५ जुलै २०२५ रोजी हिंदी, कन्नड, तेलुगू, तमीळ व मल्याळम भाषांत चित्रपटगृहांत आला.

कथाभाग भागवतपुराण, विष्णुपुराण व नृसिंहपुराण यांतून घेतला आहे. आरंभ दिती-कश्यपांपासून होतो. हिरण्याक्षाचा वध करणारा वराह पूर्वार्धात येतो, त्यामुळे प्रह्लादाला पडद्यावर यायला बराच वेळ लागतो. पूर्वार्ध त्या मानाने रेंगाळतो.

सोलापूरकरांना हे आख्यान घरचे आहे. भीमा आणि नीरा जिथे मिळतात तिथले नीरा-नरसिंहपूर कागदोपत्री पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात मोडते, पण नदी ओलांडली की सोलापूर जिल्हा लागतो. संगमानंतर भीमा पुढे पंढरपूरला जाते. नरसिंहपूरची मूर्ती प्रह्लादाने स्वतः वाळूची घडवून पुजली, अशी स्थळकथा आहे. आजच्या मंदिराच्या उभारणीचे श्रेय पेशवाईतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर यांना दिले जाते. इथला नरसिंह अनेक मराठी घराण्यांचे कुलदैवत. वैशाख शुद्ध चतुर्दशीला सूर्यास्ताच्या वेळी नृसिंहजन्म साजरा होतो. वाळूत देव घडवणारे पोर हा या स्थळकथेचा गाभा. चित्रपटाचा सारा भर मात्र खांब फोडून निघालेल्या उग्र रूपावर आहे, आणि ही निवड माध्यमाला साजेशी आहे.

कारण आख्यानाचा पेच दृश्यात्मक आहे. हिरण्यकशिपूने मागितलेला वर असा: मरण घरात नको, बाहेर नको, दिवसा नको, रात्री नको, माणसाकडून नको, पशूकडून नको, शस्त्राने नको. उंबरठा, तिन्हीसांज, मांडी आणि नखे हे त्यावरचे उत्तर. रंगभूमीवर वा जिवंत नटांच्या चित्रपटात सिंहाचा मुखवटा चढवला की डोळे आणि जबडा निर्जीव होतात, अभिनय उरतो तो हातापायांत. संगणकावर घडवलेल्या नरसिंहाच्या आयाळीपासून ओठांच्या थरथरीपर्यंत सारे एकाच देहाचे वाटते. शेवटच्या युद्धात संगीतकाराने मंत्रघोष, समूहस्वर आणि जड तालवाद्ये यांची भिंत उभी केली आहे. कानठळ्या बसतात हे खरे, पण खांब फुटण्याआधी असा ताण हवाच होता. प्रह्लादाच्या नामस्मरणाची चाल साधी ठेवली आहे आणि लक्षात राहते तीच.

पडद्यावर प्रह्लाद नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी १९२६ मध्ये 'भक्त प्रह्लाद' हा मूकपट काढला. पहिला तेलुगू बोलपट मानला जाणारा, एच. एम. रेड्डी दिग्दर्शित 'भक्त प्रह्लाद' मुंबईत चित्रित झाला. ॲनिमेशनची मराठी वाटही जुनी आहे: फाळक्यांची 'आगकाड्यांची मौज' (१९१५), प्रभातचा 'जंबूकाका' (१९३४) आणि व्ही. जी. सामंत व मिलिंद उके यांचा 'हनुमान' (२००५). पौराणिक ॲनिमेशनपट तिकीट खिडकीवर चालतो हे 'हनुमान'ने आधीच दाखवले होते. त्यानंतरच्या दोन दशकांत हा प्रकार मुख्यतः मुलांच्या वाहिन्यांकडे सरकला.

'महावतार नरसिंह'ची सुरुवात जेमतेम होती. पहिल्या दिवशी देशात सुमारे पावणेदोन कोटी रुपये जमले. पुढे तोंडी प्रसिद्धीने गर्दी वाढत गेली. प्रेक्षक चपला काढून बसल्याच्या, भजने म्हटल्याच्या बातम्या आल्या. जगभरची मिळकत ३०० कोटी रुपयांच्या पुढे गेली असे व्यापारी अंदाज सांगतात. भारतीय ॲनिमेशनपटाने एवढी मजल पूर्वी मारली नव्हती.

प्रदर्शनाच्या पाच भाषांत मराठी नव्हती. सोलापुरात तिची उणीव तुलनेने कमी भासावी. गिरण्या आणि मागांच्या ओढीने तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजामुळे शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरोघर बोलली जाते, तर अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. नरसिंहाचे कुळाचार पाळणाऱ्या मराठी घरांतल्या आजी-आजोबांना मात्र हिंदीवर भागवावे लागले.

दशावतारांवरील सात चित्रपटांच्या नियोजित मालिकेतला हा पहिला. पुढचा 'महावतार परशुराम' २०२७ साठी जाहीर झाला असून कल्कीचे दोन भाग २०३५ व २०३७ मध्ये आणण्याचा निर्मात्यांचा बेत आहे.