नजरेची रेषा, नळीची रेषा

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत फुगे फोडायची बंदूक हातात घेतली, की दुकानवाला सांगतो, “माशी बघून मारा.” माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा बारीक उंचवटा. लोहा तालुक्यातल्या या यात्रेत कित्येकांनी आयुष्यातला पहिला नेम धरला, आणि तो बहुधा चुकला! कारण नजर जाते एका रेषेने, गोळी दुसऱ्या.

बंदुकीवर दुर्बीण बसवणाऱ्यांपुढे हाच पेच होता. दुर्बीण नळीच्या वर बसते. त्यात गोळी वाटेत खाली येत जाते. म्हणून दोन्ही रेषा ठरावीक अंतरावर जुळवाव्या लागतात. शिवाय दुर्बीण डोळ्याच्या फार जवळ आली, तर बार उडताच भुवईच फुटायची.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत नळीएवढ्या लांब दुर्बिणी माथ्यावर बसवीत. लेफ्टनंट कर्नल डेव्हिडसन यांनी वेगळी वाट धरली. हे गृहस्थ मुंबई इलाख्याच्या फौजेतले. त्या काळी आपला लोहा-कंधार भाग निजामाच्या राज्यात होता. डेव्हिडसन यांची आखूड दुर्बीण बंदुकीच्या डाव्या अंगाला बसे. ठासणीच्या बंदुकीचा घोडा उजवीकडे, त्यामुळे अडचण नाही; आणि वरची माशीही मोकळी राही. मात्र गोळी आता नजरेच्या रेषेच्या उजवीकडून निघे, म्हणजे आडवा हिशेबही आला.

मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांची षटकोनी नळीची रायफल तेव्हा नावाजलेली होती. १८६० साली विम्बल्डनच्या नेमबाजी स्पर्धेचा पहिला बार राणी व्हिक्टोरियाने तिच्यातूनच उडवला. रायफल आधीच लोखंडी टेकूवर रोखून ठेवलेली. राणीने फक्त दोरी ओढली. ही रायफल डेव्हिडसन यांच्या दुर्बिणीसह अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या निवडक नेमबाजांकडे पोचली. ९ मे १८६४ रोजी स्पॉटसिल्व्हेनिया येथे उत्तरेचे जनरल सेजविक लांबून आलेल्या गोळीने पडले. इतक्या अंतरावरून शत्रूला हत्तीसुद्धा टिपता येणार नाही, असे ते नुकतेच सैनिकांना म्हणाले होते. ती गोळी व्हिटवर्थची होती, असे मानतात. मारणाऱ्याला माणूस जवळ दिसावा आणि मरणाऱ्याला मारणारा दिसूच नये, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचे कांस्यपदक जिंकले. त्या खेळात रायफलवर दुर्बीण चालत नाही. चकतीच्या भोकातून पुढचे कडे आणि त्यात काळा ठिपका धरायचा, बस्स.